विवाह, वारसा आणि वर्ग : इंग्रजी कादंबरीतील चोख हिशेब

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी म्हटली, की नृत्यसमारंभ, प्रेमपत्रे आणि अखेरीस होणारा विवाह असे चित्र वाचकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांनी ते अधिकच ठसठशीत केले आहे. प्रत्यक्षात या कादंबऱ्या वाचायला घेतल्या, की वारंवार भेटतात ते पौंडांचे आकडे. कोणाचे वार्षिक उत्पन्न किती, कोणत्या मुलीच्या नावे किती रक्कम आहे, वडिलांच्या पश्चात घर कोणाकडे जाणार, याचा चोख हिशेब त्यांत मांडलेला असतो. त्या काळातील जमीनदार व मध्यमवर्गीय स्त्रीच्या दृष्टीने विवाह हा मनाचा प्रश्न होताच. पण त्याआधी तो निवाऱ्याचा प्रश्न होता. हे ध्यानात घेतले, तरच नायिकेच्या होकाराचे आणि विशेषतः नकाराचे मोल कळते.

कायद्याची चौकट

इंग्लंडमध्ये जमीनजुमला सामान्यतः थोरल्या मुलाकडे जात असे. अनेक घराण्यांच्या मालमत्तेवर ‘एन्टेल’ नावाचे वारसाबंधन असे. मालमत्ता अखंड राहावी म्हणून ती पुढे कोणाकडे जाईल हे आधीच ठरवून ठेवलेले असे. हयात मालकाला ती विकता येत नसे किंवा मुलींच्या नावे करून देता येत नसे. विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन झाले, असे कायदा मानी. तिची रोकड, दागिने व इतर जंगम मालमत्ता पतीची होई आणि जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. भारतीय परंपरेतील स्त्रीधनासारखी कल्पना इंग्लंडच्या सामान्य कायद्यात नव्हती. श्रीमंत घराणी विवाहापूर्वी करारपत्र करून मुलीच्या नावे काही रक्कम विश्वस्तांकडे सुरक्षित ठेवत. इतरांना ती सोय परवडत नसे.

विवाह कसा करावा, यावरही निर्बंध होते. १७५३ च्या कायद्याने २१ वर्षांखालील मुलामुलींच्या परवान्याने होणाऱ्या विवाहास पालकांची संमती आवश्यक ठरवली. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. त्यामुळे पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडील ग्रेटना ग्रीन या गावाची वाट धरीत. कादंबऱ्यांतून या गावाचे नाव येते, ते याच कारणाने.

ऑस्टिनची पट्टी

जेन ऑस्टिन (१७७५-१८१७) हिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत हा सारा हिशेब स्पष्ट दिसतो. बेनेट यांच्या मालमत्तेचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे. पण त्यांना पाच मुलीच असल्याने ती दूरचे नातलग कॉलिन्स यांच्याकडे जाणार आहे. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड येतील आणि त्यावर चार टक्क्यांनी वर्षाला अवघे ४० पौंड व्याज मिळेल. दुसरीकडे डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड आहे. अशा स्थितीत एलिझाबेथ आधी कॉलिन्सला आणि नंतर डार्सीलाही नकार देते. पहिल्या नकारामुळे तिच्या आईचे व बहिणींचे घर वाचवण्याची संधी हातची जाते. तिची मैत्रीण शार्लट ल्यूकस २७ वर्षांची आहे, जवळ पैसा नाही. ती काही दिवसांतच त्याच कॉलिन्सचा स्वीकार करते. ऑस्टिन शार्लटला दोषी ठरवत नाही. दोघींचे मार्ग शेजारी ठेवून वाचकालाच विचार करायला लावते.

या कादंबरीतील वर्गभेद केवळ श्रीमंत आणि गरीब असा नाही. बिंग्लीचे सुमारे एक लाख पौंड त्याच्या वडिलांनी व्यापारात मिळवलेले. तरी त्याच्या बहिणी एलिझाबेथच्या व्यापारी मामाला नाक मुरडतात. जमिनीचा पैसा प्रतिष्ठित आणि व्यापाराचा कमअस्सल, ही त्या समाजाची समजूत होती. व्यापारी घराण्यांना ती जमीन विकत घेऊन अथवा सोयरीक जुळवून ओलांडता येत असे.

लेखिकेला हे प्रश्न घरचेच होते. डिसेंबर १८०२ मध्ये ऑस्टिनने हॅरिस बिग-विदर या मोठ्या मालमत्तेच्या वारसाची मागणी स्वीकारली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी होकार मागे घेतला. १८०५ मध्ये वडील वारल्यावर आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर अवलंबून राहिल्या. श्रीमंत नातलगांनी दत्तक घेतलेल्या एडवर्ड या भावाने १८०९ मध्ये चॉटन येथे घर दिले, तेव्हा त्यांना स्थैर्य लाभले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने ११० पौंडांना विकले होते.

ब्राँटे भगिनी

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ची (१८४७) नायिका गव्हर्नेस आहे. वर्षाला ३० पौंड पगारावर श्रीमंताघरी शिकवणारी ही स्त्री नोकरांत मोडत नसे आणि कुटुंबातही बसत नसे. मालक रोचेस्टर याच्याशी तिचा विवाह ठरतो. परंतु त्याची पहिली पत्नी हयात असल्याचे ऐन विवाहाच्या वेळी उघड होते. ते लग्नही ३०,००० पौंडांसाठी जुळवलेले होते. जेन त्याच्यासोबत राहण्याचे नाकारून निघून जाते. पुढे काकांकडून तिला २०,००० पौंड मिळतात, ती ते तीन भावंडांबरोबर समान वाटून घेते आणि स्वतःच्या ५,००० पौंडांच्या बळावर परतते. त्या वेळी ती आश्रित उरलेली नसते.

एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) विवाह हे मालमत्ता बळकावण्याचे साधन होते. कॅथरिन प्रतिष्ठेसाठी हीथक्लिफला डावलून एडगर लिंटनशी लग्न करते. हीथक्लिफ पुढे तिच्या मुलीचे लग्न आपल्या मरणासन्न मुलाशी बळजबरीने लावतो. कायद्याने तिची जंगम मालमत्ता पतीची होते आणि त्याच्या मृत्युपत्राद्वारे हीथक्लिफच्या हाती पडते. बॅरिस्टर सी. पी. सँगर यांनी १९२६ मध्ये या कथेतील वारसाहक्काची कायदेशीर बाजू तपासली. ती बारकाईने रचलेली असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

विवाहानंतरचा प्रश्न

शतकाच्या उत्तरार्धात कायदे बदलू लागले. १८५७ च्या कायद्याने घटस्फोटासाठी स्वतंत्र न्यायालय आले. मात्र पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे असे, तर पत्नीला त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग यांसारखे कारणही द्यावे लागे. हा भेद १९२३ मध्ये दूर झाला. १८७० च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या कमाईवर हक्क दिला आणि १८८२ च्या कायद्याने स्वतंत्र मालमत्ता बाळगण्याचा.

कादंबरीचा रोखही याच सुमारास विवाहाकडून वैवाहिक जीवनाकडे वळलेला दिसतो. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) डोरोथियाचा वृद्ध पती मृत्युपत्रात अट घालतो, की तिने विल लॅडिस्लॉशी विवाह केल्यास तिला त्याची मालमत्ता मिळणार नाही. ती मालमत्ता सोडून विलशी लग्न करते. आईवडिलांकडून आलेले वर्षाला ७०० पौंड तिच्यापाशी असतात, म्हणूनच हा त्याग तिला पेलतो. थॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ची (१८९१) नायिका मात्र जुन्या सरदार घराण्याची वंशज असूनही दरिद्री आहे. पैसेवाल्या व्यापारी कुटुंबाने तेच नाव उचललेले आहे. तिच्यापाशी मालमत्ता नाही, करारपत्र नाही आणि नकार देण्याइतका आधारही नाही. तिची शोकांतिका तिथूनच सुरू होते.

ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वर (१८११) बेतलेला ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ हा तमिळ चित्रपट २००० मध्ये, तर ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ हा अमृतसरच्या कुटुंबाची कथा सांगणारा चित्रपट २००४ मध्ये आला. ही कथानके भारतात सहज रुजली. कारण घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मुलीच्या लग्नाच्या बोलणीत इथेही अपरिचित नाही. या कादंबऱ्यांतील प्रेम खरेच आहे. मात्र ते करण्याचे स्वातंत्र्य कोणाला परवडत होते, हेही त्या आकड्यांनिशी सांगतात.