वाकड्या फांद्यांचा खुरचाफा : अंगणात कसा लावायचा?

जसोंडी (बुऱ्हाणपूर) : पिळलेल्या फांद्यांच्या शोभेच्या झाडांचे फोटो हल्ली मोबाईलवर खूप फिरतात. त्यातली पिळदार हेझल १८६३च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका कुंपणात सापडली. ती थंड हवेची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४०च्या पुढे जातो. तिच्यावर पैसे घालवू नका. तशीच शोभा देणारा खुरचाफा, म्हणजे देवचाफा, इथल्या उन्हात आरामात वाढतो.

नाव : नर्सरीत नुसतं 'चंपा' म्हटलं तर सरळ वाढणारा सोनचाफाही मिळू शकतो. हिंदीत 'गुलचीन' म्हणून मागा.

लागवड : फेब्रुवारी ते मेमध्ये जून फांदीचा फूट-दीड फुटाचा तुकडा कापा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. तुकडा आठ-दहा दिवस सावलीत सुकवूनच लावा. ओला लावला की कुजतो.

जमीन : खरी अडचण इथेच. तापीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. केळीच्या ठिबकजवळ चाफा लावला तर मुळं सडतात. उंचवटा करा, मातीत वाळू आणि शेणखत मिसळा, माती सुकल्यावरच पाणी द्या.

वळण : टोकाला फुलांचा घोस आला की फांदी तिथून फुटते, त्यातून वाकडेपणा येतो. लवकर हवा असेल तर हिवाळा सरताना शेंडा कापा.

लक्षात ठेवा : हिवाळ्यात पानं गळतात. मेलं समजून झाड उपटू नका, पाणीही वाढवू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.