एकच एडिटर, दोन नांवें

संगणकावर मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें जें साधन, त्यास 'एडिटर' म्हणतात. टंकलिखित आज्ञेनें त्यास हांक मारतांनाच मजकूर कोणत्या रूपांत दिसावा, हें ठरवितां येतें. ही सोय हौसेपोटीं जन्मास आलेली नाहीं; तिचें मूळ दळणवळणाच्या दारिद्र्यांत आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन यांनीं 'एड' हा एडिटर रचला. त्या काळीं संगणकाचें उत्तर बहुधा टेलिटाइप यंत्राच्या कागदावर उमटे, आणि त्या यंत्राची गति सेकंदास १० अक्षरांची. साहजिकच 'एड' मितभाषी झाला. मागितल्यावांचून तो ओळ दाखवीत नसे. आज्ञा चुकल्यास केवळ एक प्रश्नचिन्ह छापून स्वस्थ बसे.

पुढें पडदे आले, पण टेलिफोनची तार मंदच राहिली. बर्कली विद्यापीठांतील विद्यार्थी बिल जॉय यांना पडदाभर मजकूर दाखविणारा एडिटर हवा होता. मात्र तो ३०० बॉडच्या तारेवरहि चालला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. ३०० बॉड म्हणजे सेकंदास सुमारें ३० अक्षरें. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरण्यास त्या गतीनें मिनिटाहून अधिक वेळ लागे!

१९७९ सालच्या दुसऱ्या बर्कली वितरणांत त्यांनीं एकाच प्रोग्रामास दोन नांवें दिलीं. 'ईएक्स' अशी हांक मारली कीं तो ओळीओळीनें काम करी. 'व्हीआय' म्हटलें कीं तोच पडदा व्यापी. तार ६०० बॉड वा त्याहून मंद असल्यास तो ८ ओळींवर भागवी, १२०० बॉडला १६ ओळी दाखवी, आणि त्याहून वेगवान तारेवर जवळजवळ सारा पडदा घेई. ओळींची संख्या आज्ञेंतच सांगण्याचीहि मुभा होती.

१९८४ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटींत 'एक्स' ही खिडक्यांची चित्रमय व्यवस्था निघाली आणि एडिटरहि पुढें खिडकींत आले. तरीहि रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'ईमॅक्स'ला आजहि नांवापुढें आडवी रेघ देऊन 'एनडब्ल्यू' हीं अक्षरें जोडलीं, कीं तो खिडकी न उघडतां साध्या अक्षरपटावरच उघडतो. दूरच्या यंत्रावर क्षीण तारेनें काम करणाऱ्यास तेवढें पुरतें.

साधनानें आपलें सारें वैभव सर्वांवर लादूं नये. ज्याची तार दुबळी, त्याचेंहि काम अडूं नये, हेंच त्या दोन नांवांमागील शहाणपण होय.