मुक्काम कुठे करायचा?

नांदेड ते बिलोली अंतर किती? नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर साधारण ६२ किलोमीटर भरते. नायगाव, नरसीवरून रस्त्याने गेले तर पंचाहत्तरच्या आसपास. मधल्या या तेरा किलोमीटरांनी एकदा माझी चांगलीच फजिती केली होती.

दिवाळीच्या सुटीत नववी-दहावीच्या सहा मुलांना घेऊन मी सायकलने निघालो होतो. अंतर काढण्याचे काम मुलांवर सोपवले होते. त्यांनी पट्टीने मोजले आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणून ६२ हे उत्तर अगदी बिनचूक काढले. ते उत्तर रस्त्याचे नव्हे, हे लक्षात यायला हवे होते ते मास्तरांच्या! बाराला निघू, तासाला बारा किलोमीटर जाऊ, म्हणजे सवापाचला बिलोली, असा हिशेब मी केला. वाटेत एक पंक्चर झाले. सूर्य मावळला तेव्हा बिलोली अजून पंधरा-सोळा किलोमीटर दूर होती आणि रस्त्यावर मागचा दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर धावत होते. त्या रात्री आम्ही कुठे राहिलो ते शेवटी सांगतो. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसे रस्ता आणि मुक्काम कसा ठरवत असतील?

आपल्या भाषेत याचे एक उत्तर दडलेले आहे. 'मजल दरमजल करीत' असे आपण म्हणतो. मजल हा शब्द अरबी 'मंझिल'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचे अंतरही मजलच. म्हणजे अंतराचे माप आधी आणि मुक्काम नंतर, असा क्रम नव्हता. माणूस किंवा बैल दिवसभरात जेवढे चालेल तेवढ्यावर उतरण्याची जागा लागणार, आणि अशा जागा एकापुढे एक जोडल्या की रस्ता होणार. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. त्या हिशेबाने नांदेडहून बिलोली तीन मजला. सायकलस्वाराला तेवढ्याच वाटेला एक दिवस पुरतो. पण तो जुन्या दोन मुक्कामांवरून न थांबता पुढे जातो, आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचायला उशीर झाला की त्याची मदार पुन्हा त्या वगळलेल्या दोन जागांवरच असते.

या भागातल्या मुक्कामांची एक जुनी यादी आपल्याकडे आहे. झाँ द तेवनो हा फ्रेंच प्रवासी १६६६-६७ मध्ये औरंगाबादहून गोवळकोंड्याला गेला. त्याच्या वाटेवर पाथरी, नांदेड आणि इंदूर म्हणजे आजचे निजामाबाद ही गावे येतात. बिलोलीचा टापू नांदेड आणि इंदूर यांच्या मध्ये पडतो. तेवनोने गावांमधली अंतरे लिहिली, वाटेत काय पिकते, कुठे काय बनते तेही टिपले. इंदूरच्या पुढच्या इंदलवाईत तलवारी, खंजीर आणि भाले घडवले जातात व ते दूरदूरच्या मुलखात जातात, ही त्याची नोंद प्रसिद्ध आहे. परतीच्या वाटेवर १६६७ मध्येच इराणात त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे हिंदुस्थानचे वर्णन १६८४ मध्ये छापले गेले.

अशा याद्या वाचताना एक अडचण येते. कोस म्हणजे नक्की किती? अबुल फजलने दिलेला अकबराचा कोस ५००० गजांचा, म्हणजे जवळपास ४ किलोमीटर. लोकांच्या व्यवहारातला कोस मात्र दोन मैलांच्या, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, आणि तोही प्रांतागणिक बदलणारा. वाटाड्याला विचारले तर तो कोस पायांनी सांगणार. चढ असेल तर कोस लांबतो, सावली असेल तर आखडतो. आजही खेड्यात 'हे काय, इथंच' असे उत्तर मिळाले की सायकलवाल्याने बाटलीतले पाणी बघून घ्यावे!

वाटाड्याचे पाय बाजूला ठेवून मोजायचे तर चाक हवे. कंपनी सरकारच्या मोजणीदारांकडे एक दांड्याचे चाक असे. ते रस्त्यावरून ढकलत न्यायचे. त्याला जोडलेले काटे किती फेरे झाले ते दाखवत. या साधनाचे नाव पॅरॅम्ब्युलेटर. जोडीला होकायंत्र असले की वाट कुठल्या दिशेला किती गेली याची नोंद होई. १७९० नंतरच्या दशकात कॉलिन मॅकेंझीने निजामाच्या मुलखाची मोजणी केली, त्या काळात सैन्याच्या वाटा अशाच मोजल्या जात.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. साध्या काळ्या सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.२३ मीटर असतो. व्हॉल्व्हजवळ रंगीत चिंधी बांधा आणि फेरे मोजा. एका किलोमीटरला सुमारे ४४८ फेरे होतील. मग चूक कुठून शिरते ते मुलांना शोधू द्या. खड्ड्यांतून उतरता-चढताना चाक जास्त फिरते. वाट वळणांची असेल तर फेरे वाढतात, पण आपण त्या प्रमाणात पुढे गेलेलो नसतो. आणि आमच्याकडची काळी माती! पावसानंतर ती टायरला चिकटते. एक सेंटिमीटर जाडीचा थर बसला तर व्यास २ सेंटिमीटरने आणि परीघ सुमारे ६.३ सेंटिमीटरने वाढतो. फेरे तेवढे कमी होतात, आणि पंचाहत्तर किलोमीटरांच्या वाटेवर आपले गणित दोन किलोमीटरने कमी भरते. अर्थात एवढी माती चिकटल्यावर ती मडगार्डमध्ये अडकून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तो भाग वेगळा.

चाकाची चूक अंतराबरोबर साठत जाते. ती थोपवण्यासाठी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. एक बाजू जमिनीवर काळजीपूर्वक मोजायची आणि पुढे टेकडीवरून टेकडीकडे फक्त कोन मोजत जायचे. ही साखळी कन्याकुमारीकडून उत्तरेला येता येता बिदरच्या परिसरातल्या दामरगिद्दा या ठिकाणी पोहोचली. त्याचा अक्षांश १८ अंश ३ मिनिटे. तिथून ती वऱ्हाडातल्या टाकळखेड्यापर्यंत, २१ अंश ६ मिनिटांपर्यंत नेली गेली. दोन्ही ठिकाणांचा रेखांश ७७ अंश ४० मिनिटांच्या आसपास आहे. आता नकाशात बिलोली पाहा: अक्षांश सुमारे १८ अंश ४६ मिनिटे, रेखांश ७७ अंश ४४ मिनिटे. पृथ्वीचा आकार ठरवणारी ही प्रसिद्ध रेषा बिलोलीला खेटून गेली आहे! लॅम्बटन हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५६ एफ या नकाशात बिलोली येते. त्या नकाशातल्या गावांच्या जागा विश्वासार्ह वाटतात त्या या साखळीमुळे. आमच्या मुलांचे ६२ हे उत्तर बरोबर आले तेही तिच्याच जोरावर.

पण रात्री अंग कुठे टेकायचे, हे कोनांतून कळत नाही.

त्याची व्यवस्था वेगळीच होती, आणि ती सर्वांसाठी सारखी नव्हती. सराया होत्या, धर्मशाळा होत्या, मठ आणि दर्गे होते, गावची चावडी होती. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये देहावसान झाले. तिथल्या गुरुद्वारात लंगर आणि निवारा कोणालाही मिळतो, आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या सायकलवाल्यांचा तो आजही हक्काचा मुक्काम आहे. इंग्रज अमदानीत मोठ्या रस्त्यांवर डाक बंगले झाले. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जग फिरला. हिंदुस्थानात त्याने लाहोर ते कलकत्ता ही ग्रँड ट्रंक रोडची वाट धरली. फॅनी आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपे १८९७ नंतर देशभर सायकलने हिंडले. बंगला नसेल तिथे रेल्वेची वेटिंग रूम होतीच. गोऱ्या कातडीला दार उघडे असे, एवढे इथे सांगितले पाहिजे.

कारण त्याच काळात, १९०१ मध्ये, साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली काही मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. डबे भरलेले होते, पण पाणी कोणी दिले नाही, आणि मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहिले आहे. त्याच लेखनात १९३४ चा प्रसंग येतो, आणि तो मराठवाड्यातला आहे. वेरूळ पाहायला निघालेल्या त्यांच्या तुकडीने वाटेत थांबावे लागू नये म्हणून प्रवास गुप्त ठेवला होता. जिथे मुक्काम ठरला होता तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. तरी दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी हौदातल्या पाण्याने पाय धुतल्यावरून गहजब झाला. अंतर, रस्ता, ऋतू या सगळ्यांच्या आधी ज्यांना 'आपली माणसे कुठे आहेत' हे पाहून मार्ग आखावा लागे, त्यांचा नकाशा कुठल्याच सरकारी कागदावर नव्हता.

दरम्यान रस्तेही हलत होते. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला. नांदेडहून तो मुदखेड, उमरी, धर्माबाद असा गोदावरीच्या उत्तरेने जातो आणि बासरजवळ नदी ओलांडतो. बिलोली दक्षिणेला राहिली. जड माल आणि लांबचा उतारू रेल्वेकडे वळला की बैलगाडीच्या वाटेवरचे मुक्काम ओस पडणारच. पुढे एसटीने उरलेल्या मजला पुसल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले आणि मांजरा नदी बिलोलीजवळ राज्याची सीमा झाली. इंदूर-हैदराबादच्या वाटेवरचे गाव महाराष्ट्राच्या कडेचे गाव झाले. शाहजहानच्या काळातली, सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी बिलोलीची दगडी मशीद पाहिली की या वाटेने एकेकाळी कोण कोण येत असेल, असे वाटत राहते.

मराठी मुलखातून मोठ्या सायकल सफरी निघाल्या, त्यांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो १९२८ मध्ये पुरा केला. इराणची वाळवंटे आणि सिनाई ओलांडताना त्यांना मजल ठरवायची होती ती पाण्यावरून. याउलट बाबा आमट्यांच्या १९८५ च्या कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रेत शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होत्या. एवढ्यांना ऐन वेळी दार ठोठावून कोण घेणार? अशा यात्रेचा मार्ग मुक्कामांवरूनच आखावा लागतो. एकट्याने जाणाऱ्याला ओसरी पुरते.

आम्ही सात जण होतो. त्या संध्याकाळी रस्त्यापासून आत दिवे दिसले तिकडे वळलो. पारावर चौघे बसले होते. त्यांनी पहिल्यांदा गाव विचारले, मग आडनाव, मग कुठली शाळा. आडनावाचा प्रश्न आला तेव्हा मुलांपैकी एक जण माझ्या मागे सरकला, ते मी पाहिले. मी शाळेचे नाव जरा मोठ्याने सांगितले. "गुरुजी आहेत," असे एक म्हातारबा म्हणाले आणि उठून शाळेची किल्ली आणायला गेले. व्हरांड्यात सतरंजी पडली, कोणी भाकरी आणल्या, कोणी ठेचा. पाण्याची कळशी आली तेव्हा म्हातारबांनी ती मागे सरकलेल्या त्या पोराच्याच हातात दिली आणि सगळ्यांना वाढायला सांगितले. सकाळी निघताना मी त्यांना बिलोली किती लांब म्हणून विचारले.

"हे काय, इथंच," ते म्हणाले. चौदा किलोमीटर भरले. या वेळी चाकाने मोजले होते.