संगीत आणि मनःस्वास्थ्य : देवगिरी परिसर

गाणे, वाजवणे, ऐकणे किंवा तालावर हालचाल करणे यांचा माणसाच्या भावस्थितीवर, ताण सोसण्याच्या शक्तीवर आणि इतरांशी असलेल्या नात्यावर होणारा परिणाम. प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाची गरज पाहून आणि उद्दिष्ट ठरवून केलेल्या संगीताच्या वापरास संगीतोपचार म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि भोवतालचा देवगिरी, खुलताबाद, पैठण हा टापू या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. शास्त्रग्रंथ, सूफींचा समा, वारकरी भजन, जात्यावरची ओवी आणि भीमगीते या साऱ्या परंपरा येथे नांदल्या. संगीताचा गुण केवळ स्वरांत नसतो. कोण गाते, कोणासोबत आणि कोणत्या गरजेपोटी, यावर तो बराचसा अवलंबून असतो, हे या परंपरा एकत्र पाहिल्यावर स्पष्ट होते.

शार्ङ्गदेव : ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण (कारकीर्द सु. १२१०–४७) याच्या आश्रयाने लिहिला गेला. कर्ता शार्ङ्गदेव याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकही जाणत होता. आपण रोग्यांना औषधांनी आणि जिज्ञासूंना विद्येने संतुष्ट केले, असे तो स्वतःविषयी सांगतो. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची वाढ, शरीराची रचना आणि चक्रे यांचे वर्णन येते, राग-तालांचे विवेचन त्यानंतर. नादाच्या उत्पत्तीचा क्रम तो असा मांडतो : आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन शरीरातील अग्नी चेतवते, अग्नी वायूला हलवतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख या स्थानांतून नादरूपाने प्रकटतो. बावीस श्रुतींची विभागणी दीप्ता, आयता, करुणा, मृदू आणि मध्या अशा पाच जातींत आहे. गांधार आणि निषाद हे स्वर करुण रसाला, तर मध्यम आणि पंचम हास्य-शृंगाराला अनुकूल मानले आहेत. ही मांडणी आजच्या शरीरविज्ञानाशी जुळत नाही. पण गाण्याचा विचार शरीर आणि मन यांच्यापासून सुरू करण्याची त्याची दृष्टी मोलाची आहे.

समा : खुलताबादला विसावलेले चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) समाचे, म्हणजे ईश्वरभावाने गीत ऐकण्याच्या साधनेचे, पुरस्कर्ते होते. त्यांच्या अनुयायांची समातील भावावेशाची हालचाल ‘बुऱ्हानी’ म्हणून ओळखली गेली. समासाठी योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती या तीन अटी सूफी ग्रंथांत सांगितल्या आहेत. संगीत तेच असले तरी ऐकणाऱ्याची तयारी आणि भोवतालची माणसे बदलली की परिणाम बदलतो, हे त्यामागचे जाणतेपण होय.

भजन आणि ओवी : संत एकनाथांच्या पैठणला फाल्गुनातील नाथषष्ठीस दिंड्या येतात. भजनात एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे. गळा गोड असो वा नसो, टाळ धरला की माणूस त्यात सामील होतो. एकटे पडलेल्या व्यक्तीसाठी अशी रोजची बैठक मोठा आधार ठरू शकते.

जात्यावरची ओवी हे मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने याहूनही बोलके उदाहरण आहे. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा धरत, मूठमूठ दाणे जात्यात सोडत आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी पुढे नेत. एक सुरुवात करी, दुसरी पुरी करी. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची काळजी, विठ्ठलाशी भांडण असे सारे तिथे निघे. घरात जे उघड बोलायची सोय नव्हती, ते ओवीत बोलता येई आणि ऐकणारी शेजारीच असे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत.

भीमगीते : डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात १९५० मध्ये सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नावाला डॉ. आंबेडकरांचे नाव जोडून नामविस्तार झाला. त्या दिवशी दरवर्षी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसमुदाय जमतो आणि डॉ. आंबेडकरांची थोरवी गाणारी भीमगीते दुमदुमतात. अपमान सोसलेल्या समाजाला ताठ मानेने उभे राहण्याचे बळ या गीतांनी दिले. स्वाभिमान हाही मनःस्वास्थ्याचा पाया आहे.

आधुनिक संशोधन : आवडते संगीत ऐकताना मेंदूच्या सुखसंवेदनेशी निगडित भागांत डोपामिन स्रवते, आणि उत्कट जागा येण्याआधीच्या प्रतीक्षेतही ते स्रवते, असे कॅनडातील एका प्रयोगात २०११ मध्ये दिसले. तालाच्या समेची वाट पाहणाऱ्या रसिकाला हा अनुभव परिचयाचा आहे. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांना २००१ मध्ये असे आढळले की लॅटिन जपमाळेची प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो आणि हृदय-रक्ताभिसरणाच्या लयी एकमेकींशी जुळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील अहवालाने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचा आरोग्याला उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला. नैराश्यावरील २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास निदान अल्पकाळ लक्षणे कमी होतात. मात्र त्यात नऊच अभ्यास होते.

मर्यादा : अमुक राग अमुक रोगावर, अशा सरसकट दाव्यांना भक्कम पुरावा नाही. एकाला शांत करणारी चीज दुसऱ्याला जुन्या दुःखाकडे ओढू शकते. खिन्न मनःस्थितीत दुःखी गाणी पुन्हापुन्हा ऐकल्याने काहींचे विचारचक्र अधिकच घट्ट होते. आवाजाची पातळीही महत्त्वाची आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायदेशीर मर्यादा आहे. मिरवणुकीतील ध्वनिभिंती ती कितीतरी ओलांडतात, आणि मग झोपमोड, चिडचिड, कानांची हानी होते.

दीर्घ नैराश्य, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार असतील तर तज्ज्ञाची मदत आधी घ्यावी. शहरातील घाटी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून २०२२ पासून चालू आहे. संगीत त्या उपचारांच्या जोडीला असावे : रुग्णाच्या स्वतःच्या आवडीचे, त्याच्या भाषेतले, आणि शक्य तेव्हा चार माणसांत बसून स्वतः गायलेले. दळणाची जाती घरांतून गेली आणि ओवीतून मनातले बोलण्याची ती जागाही बऱ्याच अंशी गेली. भजनी मंडळे, शाळांतील गायन आणि मोहल्ल्यातील बैठकी टिकवणे, नव्याने उभारणे हे म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचेही काम आहे.