सण, सुटी आणि खाडा

लोकसाहित्याच्या तासाला दिवाळी शिकवणे हे मराठीच्या प्राध्यापकाचे त्यातल्या त्यात सोपे काम. ओव्या हाताशी असतात. भाऊ बहिणीला मूळ होऊन येतो, सासुरवाशीण उंबऱ्यात उभी राहून वाट पाहते, माहेरची वाट, माहेरचे अंगण, भाचरांचे कौतुक असे एकेक येत जाते आणि तास संपतो. माजलगावात मात्र हा तास ज्या दिवसांत होतो, त्याच दिवसांत वर्गातले काही बाक रिकामे झालेले असतात. दसऱ्यानंतर हजेरीपटावर काही नावांपुढे ओळीने फुल्या पडू लागतात आणि त्या थेट मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. फुल्या मांडणारे आम्हीच आणि दिवाळी शिकवणारेही आम्हीच. या दोन गोष्टींचा संबंध लावायला आम्हांला फार वर्षे लागली, हे आधीच कबूल केलेले बरे.

तो संबंध लावून दिला एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेने. आम्ही अंतर्गत परीक्षेत प्रश्न घातला होता : ‘दिवाळीच्या सुटीत आपल्या घरी पाहिलेल्या एखाद्या विधीचे लोकसाहित्याच्या दृष्टीने वर्णन करा.’ हंगाम संपवून परतल्यावर तिने राहिलेली परीक्षा दिली. उत्तर चार ओळींचे होते. दिवाळीला आम्ही घरी नव्हतो, फडावर होतो. फडावर सुटी नसते, खाडा असतो. म्हणून विधी पाहिला नाही. शेवटची ओळ त्या दिवशी किती गाड्या भरल्या याची होती. आम्ही ‘उत्तर अपूर्ण’ असा शेरा मारला आणि दहापैकी दोन गुण दिले. त्या उत्तरात भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे काही आहे, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

सण, सुटी आणि खाडा हे तीन शब्द एकाच दिवसाचे आहेत, पण तो दिवस कोणाच्या हिशेबात मोजला जातो यावर शब्द ठरतो. पंचांगाच्या हिशेबात सण, नोकरदाराच्या हिशेबात सुटी आणि मुकादमाच्या वहीत खाडा. सुटीचा पगार कापला जात नाही. खाड्याचे पैसे मात्र उचलीवर चढतात. बीड जिल्ह्यातून दर हंगामात काही लाख माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा सणांचा काळ ती परमुलखात काढतात. हे आज दोन-तीन पिढ्या चालले आहे. त्यामुळे ही अडचणीच्या वर्षातली सोय राहिलेली नाही. ती एक रीतच झाली आहे आणि रीत म्हटली की तिचा इतिहास पाहावा लागतो.

दसऱ्याला घराबाहेर पडणे मराठी माणसाला नवे नाही. पावसाळा सरला, नद्यांना उतार पडला, की शिलंगण करून फौजांनी मुलूखगिरीवर निघावे, हा अठराव्या शतकाचा क्रमच होता. दिवाळी आणि संक्रांत छावणीत व्हायची. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या सैन्याने कुंजपुरा घेतला, दसरा त्याच सुमारास झाला, आणि नोव्हेंबरातली दिवाळी पानिपतच्या मुक्कामावर आली. त्या लष्कराबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. म्हणजे फराळाची आठवण काढणारी माणसे भरपूर होती. (जाता जाता : १४ जानेवारी १७६१ हा पानिपतचा दिवस संक्रांतीचाच होता असे वर्गात हमखास सांगितले जाते. संक्रांत आपल्या पंचांगात निरयन गणिताने येते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तेव्हा त्या वर्षीची संक्रांत युद्धाच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली असणार. वाक्प्रचार रंगतदार असला तरी तारीख तारखेच्या जागी ठेवावी.)

फौजेच्या शिलंगणाला बखरी मिळाल्या, पोवाडे मिळाले. कोयत्याच्या शिलंगणाला असे फारसे काही मिळालेले नाही. दसऱ्याच्या आधीच्या खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर कोयताही पुजला जातो, त्याला हळदकुंकू लागते आणि थोड्याच दिवसांत तो बाजेच्या, भांड्यांच्या, पिठाच्या गठुड्याबरोबर ट्रकमध्ये चढतो. आधी भगवानगडावर आणि २०१७ पासून सावरगाव घाट येथे भरत आलेला दसरा मेळावा लोक राजकारणाच्या अंगाने पाहतात. आम्हांला त्याची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. गाव सोडण्यापूर्वी माणसांनी एकत्र येण्याचा तो शेवटचा दिवस असतो.

या प्रवासाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बालाघाटच्या रांगा, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेला, पाटपाण्यात मागे पडलेला मुलूख हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला नगर आणि पश्चिम महाराष्ट्रातले कालवे आणि त्यांच्यावर वाढलेला ऊस. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कारखान्यांची रांगच लागली. उसाला हात हवे होते आणि १९७२ च्या दुष्काळाने ते मोकळे करून दिले. मुकादमाने पावसाळ्यात उचल द्यायची, नवरा-बायकोने मिळून ‘एक कोयता’ व्हायचे, टनाच्या भावाने उचल फेडायची आणि राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर टाकायची, ही घडी बसली. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. दोन माणसांचे मिळून एक अवजार करणारी ही गणती भाषाशास्त्राच्या पुस्तकात लक्षणेचे उदाहरण म्हणून घालायला हरकत नाही. आम्ही मात्र उदाहरणासाठी अजून गंगेवरच्या गौळवाड्यातच अडकलेलो आहोत.

माजलगावची गोष्ट याहून जरा गुंतागुंतीची. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले आणि त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणून सिंदफणेवर माजलगावचे धरण उभे राहिले. पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, तेलगावला कारखाना उभा राहिला. आता तरी जाणे थांबेल, असे पुष्कळांना वाटले असणार. पण पाणी कालव्याखाली गेले, डोंगरपट्टा कोरडाच राहिला. आज हिवाळ्यात माजलगावच्या शिवारातून जाताना उसाच्या कडेला कोप्या दिसतात आणि त्याच वेळी तालुक्यातली माणसे सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे कोप्या घालून राहिलेली असतात. ज्याला आपण आपल्याकडचा सणासुदीचा काळ म्हणतो, तो कोणाच्या तरी परक्या गावातला मुक्काम असतो, हे इथे बसून दोन्ही बाजूंनी पाहता येते.

सणासाठी काम थांबवता येत नाही का? याचे उत्तर उसातच आहे. ऊस थंडीत पिकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यात साखर सर्वाधिक भरते आणि तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर तीच साखर उतरू लागते. म्हणून कारखाना एकदा पेटला की पाळ्यांमागून पाळ्या, रात्रंदिवस चालतो. चीनमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत वसंतोत्सवाला कारखाने बंद होतात आणि कोट्यवधी मजूर रेल्वेने आपापल्या गावी परततात. आशियातली ती सर्वांत मोठी सणाची घरवापसी मानली जाते. आपल्याकडे नेमके उलटे. ज्या थंडीमुळे तिळगुळाचा सण येतो, तीच थंडी उसात साखर भरते आणि माणसांना घरापासून दूर ठेवते.

दिवाळी घरी की फडावर, हे पुष्कळदा अधिक महिना ठरवतो, ही गोष्ट आम्हांला विद्यार्थ्यांकडूनच कळली. २०२० आणि २०२३ ही अधिक महिन्याची वर्षे. लक्ष्मीपूजन अनुक्रमे १४ आणि १२ नोव्हेंबरला आले आणि ट्रक त्याआधीच निघून गेलेले. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे फराळ करून निघता येण्याजोगे. पंचांगातला हा महिना जावयाला तीस-तीन अनारसे देण्यापुरता आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फडावर सण होतच नाही, असे मात्र नाही. विद्यार्थ्यांच्या सांगण्यातून जे जमले ते असे. पहाटे अंधारातच फड गाठायचा असल्यामुळे अभ्यंगस्नान हा प्रकार उरत नाही. आंघोळ रात्री, ट्रक भरून झाल्यावर, पाणी असेल तर. कोपीच्या दाराशी, पाचटापासून अंतर राखून पणती लावायची. पाचट पेटायला ठिणगी पुरते, म्हणून फटाके नाहीत. लक्ष्मीपूजनाला कोयता आणि बैल. त्यांच्याखेरीज लक्ष्मी म्हणून पुजावे असे तिथे काही नसते. भाऊबीजेचे मात्र आम्हांला नवल वाटले. टोळी बहुधा भावकीची आणि सोयऱ्यांची असते, त्यामुळे बहिणीची कोप आणि भावाची कोप एकाच रांगेत येतात. ओवीतला भाऊ मजल दरमजल करीत येतो. इथला भाऊ चार कोप्या ओलांडून. ज्यांचे भाऊ दुसऱ्या कारखान्यावर, त्यांची ओवाळणी फोनवर.

संक्रांतीचे आणखी वेगळे. सुगडात बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर आणि उसाची कांडकी लागतात. यातली उसाची कांडकी तेवढी फुकट; सुगडे बाजारातून आणावी लागतात आणि बाजाराला जायचे म्हणजे पुन्हा खाडा. ज्या बागायतदाराचा ऊस तुटतो त्याच्या घरची बाई कधी बोलावून वाण देते, कधी नाही. भोगीच्या बाजरीच्या भाकरीचे पीठ गावाहून आणलेले असते, तीळ तेवढे विकत. ववसायला गावातल्या देवळात जावे तर गाव परके; म्हणून बायका एकमेकींच्या कोपीपुढेच ववसून घेतात.

आणि एक शब्द आम्हांला अजून सोडत नाही. लातूर-धाराशिवकडे आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या शेतात साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, तिच्यात पाच पांडव मांडतात, आंबील आणि भज्जीचे जेवण होते. ही कोप स्वतःच्या शेतातली, एका दिवसाची आणि देवाची. त्याच दिवशी त्याच मुलखातली माणसे दुसऱ्याच्या शेतातल्या कोपीत असतात. ती पाच महिन्यांची आणि माणसांची. शब्द एकच. कोशात त्याचे दोन अर्थ दिले जातील, पण मधले अंतर कोश सांगणार नाही.

हे सारे आमच्या लोकसाहित्यात का येत नाही? एक कारण साधे आहे : जाते ट्रकमध्ये चढत नाही. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर ओव्या जमा झाल्या. १९९६ मध्ये हे काम माजलगावातल्या भीमनगरापर्यंत आले आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. ओवी जुन्या साच्यात नवा आशय घेऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही. पण ओवीला जाते हवे, जात्याला घर हवे आणि पहाटेचा निवांतपणा हवा. फडावरच्या पहाटेला यातले काही नसते. योगीराज बागूल यांच्या ‘पाचट’सारखे आत्मकथन आले, ते लिहिता येणाऱ्या मुलाच्या हातून आले; तोडणाऱ्या आईच्या तोंडून नव्हे.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. पूर्वी पोरे आईबापांबरोबर फडावर जात. काही कारखान्यांवर साखरशाळाही चालल्या. आता मुलांना गावातच ठेवून हंगामी वसतिगृहात जेवू घालावे, त्यांची शाळा बुडू नये, असा प्रयत्न आहे. तो योग्यच आहे आणि आमच्या वर्गात पोचलेली काही मुले त्याच वाटेने आलेली आहेत. पण त्यामुळे दिवाळी दोन ठिकाणी विभागली गेली. पूर्वी अख्खे घर परमुलखात होते. आता आईबाप फडावर, मुले आणि आजी-आजोबा गावात. पणती दोन्हीकडे लागते. घरापासून दूर कोण आहे, हा प्रश्न अशा वेळी अवघड होऊन बसतो.

मग सण होतो तरी केव्हा? तो पट्टा पडल्यावर होतो. शेवटचा ऊस तुटला की ट्रकवर झेंडे, गुलाल, हलगी, आणि मार्च-एप्रिलात माणसे गावी येतात. नवे कपडे तेव्हा, पुरणपोळी तेव्हा, लेकीला माहेरी आणणेही तेव्हा. लग्ने आणि गावोगावच्या जत्रा त्याच दिवसांत. पंचांगातली दिवाळी आश्विनात येते, कोयत्याची दिवाळी चैत्रात. लोकसाहित्याच्या परिभाषेत याला काय म्हणावे, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.

ती उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे रद्दीत गेली. गुणही बदलता आले नाहीत. निकाल लागून गेला होता. पुढच्या वर्षी आम्ही प्रश्नातला ‘घरी’ हा शब्द काढला आणि परीक्षा एप्रिलात ठेवली. उत्तरे या वेळी लांबलचक आली. एकाने तर पुरवणी मागितली.