ठिणगीतल्या रेघा आणि दीर्घिकेचं केंद्र

भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत काम केलेलं कुणी इथे असेल, तर त्यांना 'स्पेक्ट्रो' नवा नाही. धातूच्या तुकड्यावर ठिणगी पाडायची, तिच्या प्रकाशातल्या रेघा वाचायच्या आणि क्रोमियम किती, मँगनीज किती ते सांगायचं. आजचा विषय हाच आहे. फक्त नमुना साडेचार-पाच कोटी प्रकाशवर्षं लांब आहे.

1908 साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत एडवर्ड फाथ सर्पिल 'तेजोमेघां'चे वर्णपट घेत होते. (त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे तेव्हा ठरलंच नव्हतं, बरं का.) बहुतेकांत ताऱ्यांसारख्या काळ्या रेघा मिळाल्या. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी 1068 मध्ये मात्र काळ्यांबरोबर तेजस्वी रेघाही निघाल्या. म्हणजे तिथे विरळ, आयनीभूत वायू होता. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला.

त्यातली एक हिरवी रेघ जुनी डोकेदुखी होती. 1864 मध्ये हगिन्स यांना ती एका तेजोमेघात दिसली. प्रयोगशाळेतल्या कशाशीच जुळेना, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्यच कल्पून टाकलं! शेवटी 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं, की हा आपला ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. उत्तेजित झाल्यावर हा प्रकाश सोडायला त्याला साधारण अर्धा मिनिट लागतं. आपल्या ठिणगीत एवढी उसंत कुठली? आधीच शेजारचा कण येऊन धडकतो. तिथे वायू इतका विरळ, की पुढचा धक्का लागेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

1943 मध्ये कार्ल सीफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांवर निबंध लिहिला. रेघा रुंद होत्या, म्हणजे केंद्राजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. एवढी मोठी गोष्ट, पण जवळजवळ वीस वर्षं कुणी फारसं वळून पाहिलं नाही. 1963 मध्ये क्वेसार ओळखले गेले, तेव्हा सीफर्टची आठवण झाली. आज त्या वेगाचं कारण आपण केंद्रातल्या कृष्णविवराला देतो.

एनजीसी 1068 मध्ये सर्वांत वेगवान वायू सरळ दिसत नाही. धुळीचं जाड कडं आड येतं. 1985 मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी ध्रुवीभूत प्रकाशात त्याच्या रुंद रेघा पकडल्या. कड्याबाहेरच्या आयनीभूत वायूतले इलेक्ट्रॉन तो प्रकाश आरशासारखा आपल्याकडे वळवत होते.

चाकण ओलांडून नाशिक रस्त्याने पुढे गेलात, तर आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची 2 मीटरची दुर्बीण आहे, 2006 पासून. तिला जोडलेला वर्णपटमापक हा तुमच्या स्पेक्ट्रोचाच भाऊबंद. चला, आता प्रश्न घेऊ.