शब्दांविना साक्ष : चार्ल्स मिंगस आणि ॲटिका

१/७
डिसेंबर १९७४चा अखेरचा आठवडा. न्यूयॉर्कमध्ये ५२ वर्षांचे ज्येष्ठ बासवादक चार्ल्स मिंगस ‘चेंजेस वन’ हा जॅझ अल्बम ध्वनिमुद्रित करत होते. त्यातील पहिल्या रचनेचे नाव ‘रिमेम्बर रॉकफेलर ॲट ॲटिका’, म्हणजे ‘ॲटिकातला रॉकफेलर आठवा’. रचनेत मात्र गायलेला एकही शब्द नाही.

२/७
ॲटिका हा न्यूयॉर्क राज्यातील तुरुंग. ९ सप्टेंबर १९७१ रोजी तेथील सुमारे १,३०० कैद्यांनी उठाव करून कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. मागण्या होत्या पुरेशा औषधोपचाराच्या, बऱ्या अन्नाच्या, धर्मस्वातंत्र्याच्या. वाटाघाटी करणाऱ्यांनी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना तेथे येण्याची विनंती केली. त्यांनी ती नाकारली.

३/७
१३ सप्टेंबरला राज्य पोलीस गोळीबार करत आत शिरले. २९ कैदी आणि १० ओलीस, असे ३९ जण त्यात मृत्यू पावले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आणि वृत्तपत्रांनी ते छापले. दुसऱ्याच दिवशी शवविच्छेदनाने ते खोटे ठरवले. दहाही ओलीस सरकारी गोळ्यांनीच मेले होते.

४/७
तरीही रॉकफेलर यांचा राजकीय प्रवास खुंटला नाही. १९ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची शपथ घेतली. मिंगस यांचे ध्वनिमुद्रण त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतले. ‘आठवा’ या शब्दाचे वजन या तारखांत आहे.

५/७
मिंगस यांनी सत्ताधाऱ्याचे नाव रचनेला देण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेबाहेर रोखण्यासाठी सैनिक उभे केले. ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही रचना त्यावरची. १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीच्या अल्बमवर ती शब्दांविना आली. १९६० मध्ये कॅन्डिड या छोट्या कंपनीसाठी मिंगस यांनी ती उपहासाच्या शब्दांसह सादर केली.

६/७
‘चेंजेस वन’मध्ये जॉर्ज ॲडम्स (सॅक्सोफोन), जॅक वॉलरॅथ (ट्रम्पेट), डॉन पुलन (पियानो) आणि डॅनी रिचमंड (ड्रम्स) हे साथीदार होते. पोस्ट-बॉप शैलीत बीबॉपची शिस्त आणि मुक्त जॅझची मोकळीक एकत्र नांदतात, तशी ती येथेही नांदते. ॲटिकावरील रचना वेगवान आणि झुलती आहे. शोकगीताचा सूर तिच्यात नाही.

७/७
म्हणून केवळ सूर ऐकून या रचनेतील इतिहास उमगणार नाही. तो शीर्षकात आहे. अल्बमच्या वेष्टनावर गाण्यांची यादी वाचणाऱ्या प्रत्येकासमोर, नव्या उपाध्यक्षाच्या नावाशेजारी, त्या तुरुंगाचे नाव छापलेले राहिले.